व्हिटबी ते हॅलिफॅक्स, शेवटचा भाग राखून

विमानाने अडीच तास लागतात, हे मला सगळ्यांनी सांगून झालं. नवऱ्याने सांगितलं, ऑफिसमधल्या मैत्रिणींनी सांगितलं, शेजारच्या काकूंनी तर स्वस्त तिकिटाची लिंकही पाठवली. तरी मी गाडीच काढली. मला अडीच तास नको होते, तीन दिवस हवे होते.

माझी एकुलती एक मुलगी मुक्ता हॅलिफॅक्सच्या युनिव्हर्सिटीत चालली होती. व्हिटबीपासून साडेसतराशे किलोमीटर. माझा नवरा समीर नुकताच नव्या नोकरीला लागला होता, त्याला रजा मिळेना. म्हणजे गाडीत आम्ही दोघीच. मागे दोन सुटकेस, एक उशी, तिचा बेसबॉलचा ग्लव्ह, डबाभर धपाटे, आणि लॅपटॉपमध्ये आमच्या मालिकेचा शेवटचा भाग.

या मालिकेबद्दल आधी सांगायला हवं. समुद्रकाठचं एक छोटं गाव, दर भागाला एक खून. इतके खून होऊनही त्या गावात माणसं उरतात कशी, हे आम्हाला कधी कळलं नाही. आमचा नियम असा की पहिल्या वीस मिनिटांत दोघींनी खुनी कोण ते सांगून टाकायचं. जिचं चुकेल तिने चहा करायचा. मुक्ता बारा वर्षांची असल्यापासून हे चाललं आहे, आणि बहुतेक वेळा चहा मीच करते. वर ती सांगणार, आलं जास्त घाल. मला जास्त आलं सोसत नाही, म्हणून मी बेताचंच घालते.

शेवटचा भाग जूनमध्येच आला होता. मुक्ता म्हणाली, बघून टाकू. मी म्हटलं, राखून ठेवू. ही माझी जुनी खोड. गुलाबजाम ताटात शेवटपर्यंत ठेवणार, नवी साडी कपाटात ठेवणार. समीर म्हणतो, तू चांगले आंबे राखून ठेवतेस आणि नासले की खातेस. असो. हॅलिफॅक्सला शेवटच्या रात्री, मोटेलच्या खोलीत, एका पांघरुणात दोघींनी तो भाग बघायचा, एवढं मी मनाशी ठरवलं होतं. अख्ख्या प्रवासात मला तेवढी एकच गोष्ट हवी होती.

पहाटे पाचला निघालो. हायवे ४०१ने पूर्वेकडे जाणार असाल तर रविवारची पहाटच बरी, ट्रक कमी असतात. ऑगस्टचा शेवट होता. काच खाली केली की हवेत ती बारीक शिरशिरी लागत होती, आणि हिरव्यागार मेपलमध्ये एखादीच फांदी लाल झालेली. इकडे वीस-बावीस वर्षं काढली तरी ती पहिली लाल फांदी दिसली की माझ्या गाडीचा वेग कमी होतो. यंदा जरा जास्तच.

किंग्स्टनच्या अलीकडे मिरजेहून नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. पहिला प्रश्न नेहमीचाच.

"किती डिग्री आहे तिकडं?"

"बरं आहे नाना, उन्हाळाच आहे अजून. गाडी चालवतेय, नंतर करते." मी ठेवला. मी कॅनडात आल्यापासून त्यांचा प्रत्येक फोन या प्रश्नाने सुरू होतो. मुक्ता मला म्हणाली, "आई, यू आर सो रूड टू हिम." मी आरशात बघून लेन बदलली.

मॉन्ट्रियलमध्ये शिरू नका. रस्त्याची कामं बारा महिने चालू असतात. हायवे ३० घेऊन शहराला वळसा घाला, थोडा टोल पडतो पण वेळ वाचतो. दुपारी टोरांटोच्या टीमची बेसबॉल मॅच रेडिओवर लागली होती, ती मॉन्ट्रियलनंतर खरखरायला लागली. मुक्ताने शोधून एक फ्रेंच स्टेशन लावलं आणि मला भाषांतर करून सांगत बसली. प्रीझ म्हणजे स्ट्राइक, सिर्क्वी म्हणजे होम रन. बेसबॉल मी हिच्यापायीच शिकले. समीर म्हणतो, हा खेळ म्हणजे क्रिकेटची काटकसर. पण समोरच्या ड्राइव्हवेमध्ये हिला चेंडू टाकायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी चाळिशीत ग्लव्ह घातला. सुरुवातीला हाडं ठणकायची. मग मला त्या संध्याकाळी आवडायला लागल्या, कारण चेंडू टाकता टाकता ती शाळेतलं सगळं सांगायची, समोर बसवून विचारलं तर कधीच नाही.

रिव्हिएर-द्यू-लू या नदीकाठच्या गावी मुक्काम केला. खोली दीडशे डॉलरच्या आसपास पडली, आधी बुक करा. जेवायला पुतीन, म्हणजे फ्रेंच फ्राइज, चीज आणि वर गरम ग्रेव्ही. मी सोबत शेंगदाण्याची चटणी काढली, तर मुक्ताने आधी तोंड वाकडं केलं आणि मग अर्धी चटणी संपवली. इथला सूर्यास्त चुकवू नका. नदी इतकी रुंद होते की पलीकडचे डोंगर निळी रेघ वाटतात, आणि सूर्य त्या रेघेमागे सावकाश जातो. आम्ही बाकावर बसून राहिलो.

खोलीवर आल्यावर मुक्ता म्हणाली, "आज बघू या का तो एपिसोड?"

"नको गं. हॅलिफॅक्सला. राखून ठेवू या."

"ओके," ती म्हणाली आणि फोनमध्ये गेली.

दुसऱ्या दिवशी न्यू ब्रन्सविक प्रांतात शिरलो आणि गाडीतलं घड्याळ आपोआप एक तास पुढे सरकलं. पाटी होती, मला नियमही माहीत होता, तरी मी चिडले. मी मोजून आणलेल्या तीन दिवसांतला एक तास असाच गेला. मुक्ता हिशोब करून म्हणाली, "आता मी नेहमी तुझ्यापेक्षा एक तास पुढे असणार, आई." तिला गंमत वाटत होती.

वाटेत हार्टलंडला थांबा. लाकडी छपराचा लांबच लांब पूल आहे. श्वास रोखून तो पार केला तर मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. मी गाडी हळू चालवत होते, त्यामुळे माझा श्वास अर्ध्यातच सुटला. मुक्ताने पूर्ण रोखला. काय मागितलंस विचारलं तर म्हणे, "सांगितलं तर होत नाही." मी काय मागत होते ते तिने विचारलं नाही, ते बरंच झालं.

फ्रेडरिक्टनला दुपारीच पोचलो. संध्याकाळी नदीकाठी फिरताना दिवे लावलेलं एक मैदान दिसलं. गावातल्या दोन टीमची मॅच चालू होती, तिकीटबिकीट काही नाही, लाकडी पायऱ्यांवर जाऊन बसायचं. नऊपैकी पाचव्या इनिंगला पाऊस आला. सगळे छपराखाली कोंबून उभे राहिले. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "मूव्हिंग हर इन?" मुलीला कॉलेजला पोचवायला चाललात का, असं. मी मान डोलावली. त्यांनी आम्हाला भाजके शेंगदाणे दिले आणि म्हणाले, "रेन डिले इज द बेस्ट पार्ट. नोबडी कॅन लीव्ह." पाऊस थांबला, मॅच बरोबरीत गेली, मग जादा इनिंग. मुक्ताचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मला वाटत होतं की कुणीच रन काढू नये. अकराव्या इनिंगला कुणीतरी काढलीच. खोलीवर येऊन आम्ही तशाच झोपलो.

तिसऱ्या दिवशी हॅलिफॅक्स. चारसाडेचार तासांचा रस्ता, शेवटी धुकं. सामान दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायचं होतं, संध्याकाळ आमची होती. मी मोटेलमध्ये आधीच उशा भिंतीला लावून ठेवल्या. किटलीत पाणी भरलं. मुक्ताचा फोन वाजला. तिची होणारी रूममेट आणि त्यांच्या मजल्यावरच्या काही मुली बंदरावर जमल्या होत्या.

"आई, दे आर ऑल देअर. पण आपला एपिसोड..."

तिचा एक बूट पायात होता, एक हातात. मी 'थांब' म्हटलं असतं तर ती थांबली असती, हे मला माहीत होतं. आणि सगळा वेळ तिचं लक्ष फोनकडे राहिलं असतं, हेही माहीत होतं.

"जा," मी म्हटलं. "राखून ठेवू."

ती मला घट्ट मिठी मारून गेली. मी खिडकीशी एकटीने धपाटा खाल्ला. लॅपटॉप उघडला नाही. तुम्ही मुलांना पोचवायला जाणार असाल तर माझं ऐका, काही राखून ठेवू नका. पहिल्याच मुक्कामाला बघून टाका.

सकाळी सामान तासाभरात वर हॉस्टेलच्या खोलीत गेलं. चादर मी घातली, भिंतीवर काय लावायचं ते तिने ठरवलं. पार्किंगमध्ये आम्ही दहा-बारा वेळा चेंडू टाकला, मग तिला कुणीतरी हाक मारली. परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. न्यू ब्रन्सविकच्या हद्दीवर घड्याळ एक तास मागे आलं, तो तास मला परत मिळाला आणि त्याचं काय करावं ते कळेना.

घरी आल्यावर आठवडाभर मुक्ताचे मेसेज यायचे ते एक-दोन शब्दांचे. गुड. बिझी. लव्ह यू. मी तीनदा 'एपिसोड?' असं लिहिलं आणि खोडलं. शनिवारी सकाळी नानांचा फोन.

"किती डिग्री आहे तिकडं?"

मी वैतागून म्हटलं, "नाना, मी तुमच्या फोनवर ते हवामानाचं लावून दिलंय ना? दिसत नाही का?"

"दिसतं की. तुझ्याकडं अठरा. हॅलिफॅक्सला पंधरा, संध्याकाळी पाऊस आहे. पोरीला छत्री दिलीस का?"

"मग विचारता कशाला?"

नाना म्हणाले, "दुसरं काय विचारू? तुझ्या कामातलं मला कळत नाही. घरातलं विचारलं की तू म्हणतेस, सगळं ठीक आहे. हवेबद्दल तरी दोन वाक्यं बोलतेस."

मी फोन घेऊन मागच्या अंगणात गेले आणि नानांना सगळं सांगितलं. ऊन कसं तिरपं झालंय, गवतावर दव कसं असतं, लाल फांद्या आता किती झाल्यात. नाना हूं हूं करत होते. अर्धा तास बोललो असू.

संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तिच्याकडे आठ वाजता, मी मुक्ताला व्हिडिओ कॉल केला.

"किती डिग्री आहे गं तिकडं?"

"आई, तुझ्या फोनवर आहे ना?"

"आहे. तरी सांग."

ती हसली. मग खिडकी सरकवल्याचा आवाज आला. "ओके, सो... पाऊस आहे, पण लाइक, आडवा. पार्किंग दिसतच नाहीये. आमची बेसबॉल प्रॅक्टिस कॅन्सल झाली. सगळे रूममध्ये अडकलेत." मग म्हणाली, "आई, तू बघितलास तो एपिसोड?"

"नाही."

"मी पण नाही. बघायचाय? की राखून ठेवायचाय?"

"लाव," मी म्हटलं.

एक, दोन, तीन म्हणून दोघींनी बटण दाबलं. वीस मिनिटांनी मी म्हटलं डॉक्टर, ती म्हणाली पोस्टमास्तर. तिचं चित्र माझ्यापेक्षा दोन सेकंद पुढे होतं, त्यामुळे खुनी वळायच्या आधीच तिची आरोळी मला ऐकू आली. पोस्टमास्तरच होता. मी फोन ओट्यावर उभा केला आणि चहा टाकला.

"आलं जास्त घाल," ती हॅलिफॅक्सहून म्हणाली, आणि मी घातलं.