गरुड चार

त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. बसस्टँडवरच्या केबिनमध्ये बसणारे ते सुपरवायझर वायरलेसवर स्वतःला ‘गरुड चार’ म्हणायचे, म्हणून आम्हा रोजच्या प्रवाशांसाठीही ते गरुड चारच. सेटवर अगदी आदबीने बोलत, आणि खिडकीशी कुणी ‘बस कधी येईल?’ विचारलं, की मान वर न करता म्हणत, “आली की दिसेल.”

खराडीच्या नव्या आयटी कंपनीत माझा पहिला इंटरव्ह्यू होता, आणि नेमकी त्याच सकाळी खराडीची बस स्टँडातच बंद पडली. मी रडकुंडीला येऊन त्यांना सांगितलं.

“मग घरून लवकर निघायचं,” ते म्हणाले आणि त्यांनी सेटचं बटण दाबलं. “गरुड चार टू गरुड सात. आधी सुटलेली खराडीची गाडी येरवड्याला धरून ठेवा. इंटरव्ह्यूची मुलगी पाठवतोय. ओव्हर.” मग त्यांनी मला समोरच्या येरवड्याच्या गाडीत चढवलं.

येरवड्याला अख्खी बस माझ्यासाठी थांबलेली! कंडक्टर दारातूनच ओरडला, “इंटरव्ह्यू तुमचाच ना? पळा, पळा!”

संध्याकाळी मी धावतच केबिन गाठली. “काका, नोकरी लागली!”

“मला काय सांगता? सकाळपासून सगळे विचारून डोकं खातायत. त्यांना सांगा.” त्यांनी बटण दाबून सेट माझ्या तोंडापुढे धरला.

“लागली! नोकरी लागली! ओव्हर!”

सेट खरखरला. मग गावभरचे गरुड एकदम बोलायला लागले. अभिनंदन, शाब्बास, पेढे कुठायत!

गरुड चारांनी सेट काढून घेतला.

“उद्यापासून घरून लवकर निघा.”