पहिली ओळ खाली बसा

मला सूड घ्यायचा होता. हल्ली लोक याला गोड गोड नावं देतात, मन मोकळं करणं म्हणतात, न्याय म्हणतात. माझ्या मनात तसलं काही नव्हतं. ज्या माणसानं माझा गुडघा घालवला, त्याची चारचौघांत शोभा व्हावी आणि ती मी माझ्या डोळ्यांनी बघावी, एवढंच मला हवं होतं.

तो माणूस म्हणजे आमचे खेळाचे सर. कडेगावच्या बाजूला आमचं गाव, तिथल्या शाळेत ते होते. मुलींचा हँडबॉलचा संघ त्यांनी उभा केला, हे मी नाकारत नाही. उसाच्या पट्ट्यातल्या पोरींना हाफ पँट घालून मैदानात उतरवायचं म्हणजे घरोघर जाऊन बापांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत, त्याही त्यांनी केल्या.

हँडबॉलला लोक हाताचा खेळ समजतात. कसलं काय! तीन पावलं धावायचं, रेषेवरून झेप घ्यायची, हवेतूनच चेंडू हाणायचा आणि एका पायावर खाली यायचं. ज्याचे पाय दमदार, त्याचा खेळ. सरांना एवढं बरोबर कळलं होतं. पाय दमदार कसे होतात, हे मात्र अजिबात कळलं नव्हतं. त्यांचं सगळं शास्त्र तालमीतनं ऐकीव आलेलं. बैठका काढायच्या, मैदानाला बेडूकउड्या मारत फेऱ्या घालायच्या आणि जोडीदारणीला खांद्यावर घेऊन टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढायच्या. पाय थरथरायला लागले की आणखी एक फेरी. एखादी ओकली की सर खूश. मध्ये बसायचं नाही, पाणी मागायचं नाही आणि गुडघा दुखतो म्हणाली तर तिला सगळं दुप्पट.

माझ्या डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली आधीपासूनच ठणकत होतं. आई कढत पाण्याच्या फडक्यानं शेकायची आणि सकाळी सरांच्या धाकानं पुन्हा मैदानावर पाठवायची. सांगलीला जिल्ह्याचा सामना होता. मी झेप घेतली, गोल झाला, आणि खाली येताना गुडघा आत वळला. मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. सर मैदानात आले आणि सगळ्यांदेखत, आवाजही न चढवता म्हणाले, "नाटकं करू नकोस. ऊठ." मी उठले. सर म्हणाले म्हणून त्याच पायावर सामना संपेपर्यंत उभी राहिले. पुढच्या आठवड्यात ते घरी आले, चहा प्यायले आणि माझ्या वडलांना म्हणाले, पोरीच्या पायात दम न्हाई, आता हिच्या लग्नाचं बघा. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून मी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्या माणसावर माझा दात आहे.

लग्न लोणंदला झालं. शारीरिक शिक्षणाची पदवी मी निव्वळ चिडून घेतली. आता तिथल्याच एका शाळेत मी मुलींना हँडबॉल शिकवते. माझ्याकडं उड्या थोड्या असतात, पण प्रत्येक उडी जीव तोडून मारायची आणि खाली येताना पावलांचा आवाज होऊ द्यायचा नाही. गुडघा वाकलेला हवा आणि पायाच्या बोटांच्या दिशेनं हवा, आत कलला की मी शिट्टी मारते. मग बसायचं, श्वास जागेवर आणायचा आणि तेव्हाच पुढची उडी. वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन बैठका काढतात, पण पाठ ताठ राहील तोवरच. वाढीच्या वयात हाडं लांबत असतात, तेव्हा दुखतं म्हणणारीला त्या दिवशी उड्या माफ. मुख्याध्यापक खिडकीतून बघतात आणि म्हणतात, मॅडम, तुमच्या पोरी बसलेल्याच जास्त दिसतात. दिसू देत. त्या पोरी उडी मारतात ना, तेव्हा गोलकीपरची मान वर जाते.

हे सगळं मी माझ्यापुरतं बरं चालवलं होतं. आणि मग धाकट्या बहिणीचा फोन आला.

बहीण माहेरच्या गावातच दिलेली. तिची मुलगी, माझी भाची, चौदा वर्षांची. हँडबॉल म्हणजे तिचा जीव की प्राण. बहीण आनंदानं सांगत होती की सरांचा सत्कार आहे, सगळ्या जुन्या विद्यार्थिनींना बोलावलंय, आणि दुसऱ्याच दिवसापासून सर उन्हाळी शिबिर सुरू करणार आहेत, पोरींचे पाय तयार करायला. आजूबाजूच्या गावांतल्या मुली येणार. भाचीचं नाव सगळ्यांत आधी दिलंय. वर म्हणाली, हिच्या पण वाटीखाली दुखतंय गं, पण सर म्हणाले दोन महिने पायऱ्या चढल्या की बघ कसं पळून जातंय.

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी तिला फोनवर समजावलं, ओरडले, रडले पण. ती ऐकेना. तिचं म्हणणं, तू आज शिक्षिका झालीस ती सरांमुळंच. शेवटी म्हणाली, "ताई, तुजा जुना राग हाय. त्यो माज्या पोरीवर काढू नगो."

ती चुकीचं बोलत नव्हती. राग होताच. पण पोरीचे गुडघेही होते. मी ठरवलं, आता बोलायचं नाही. बोललं की लोकांना राग दिसतो. दाखवायचं.

आमच्या संघाचा एक जुना फोटो आहे. सर आणि मुख्याध्यापक खुर्च्यांवर, मागे शिक्षक उभे, आणि पहिल्या ओळीत आम्ही पोरी जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात जिंकलेली ढाल. मी तो व्हॉट्सअॅपवर सगळ्या जुन्या मैत्रिणींना पाठवला आणि विचारलं, अशा बसता का गं अजून? आधी हसण्याची चित्रं आली. मग आमची गोलकीपर, जतला दिलेली, तिनं लिहिलं की ती देवासमोर पण स्टुलावर बसते. मग सांगलीला बांगड्यांचं दुकान असलेली आमची विंगची खेळाडू म्हणाली, नमाज खुर्चीवर बसून पढते, डॉक्टर म्हणतात गुडघे म्हातारीचे झालेत. मग एकामागून एक सगळ्याच बोलायला लागल्या. इतकी वर्षं प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच नशीब फुटकं. मी एवढंच लिहिलं की सत्काराला या, आणि तोच फोटो पुन्हा काढायचाय.

सत्कार शाळेच्या मैदानात थाटात झाला. सरांना फेटा, शाल, श्रीफळ. समोर शिबिराच्या मुली नवे टी-शर्ट घालून ओळीत बसलेल्या, मागे त्यांच्या आया, आणि त्यांत माझी बहीण. भाषणांत सगळे सांगत होते की सरांनी पोरींचे पाय पोलादाचे केले. मला हसू येत होतं आणि ते मी दाबलं. मला बोलायला उभं केलं तेव्हा मी सरांचे आभार मानले, अगदी गोड आवाजात, आणि म्हणाले की सगळ्यांसमोर आमचा तो जुना फोटो पुन्हा काढू या. टाळ्या पडल्या. सर खुर्चीवर बसले. फोटोग्राफर नेहमीसारखा म्हणाला, "ताई, पहिली ओळ खाली बसा."

सतरंजी अंथरलेली होती. आम्ही उभ्याच.

त्याला वाटलं आम्ही लाजतोय. तो पुन्हा म्हणाला, बसा की. गोलकीपरनं एक हात माझ्या खांद्यावर ठेवून बसायचा प्रयत्न केला, अर्ध्यावर "आई गं" म्हणून परत उभी राहिली. बांगड्यांवालीनं मान हलवली. एकच जण टुणकन खाली बसली, आमची राखीव खेळाडू. ती आजारपणाची सोंगं काढून कायम सावलीत बसायची. ती एकटीच मोठ्या सतरंजीवर मांडी घालून बसलेली आणि आम्ही बाकीच्या सगळ्या उभ्या, चाळिशीच्या बायका. मैदानात कुजबुज सुरू झाली. मी सरांच्या तोंडाकडं बघत होते. त्यासाठीच तर मी आले होते.

पण सर काही कच्चे नव्हते. ते हसले, माईक घेतला आणि म्हणाले की लग्नानंतर बायका व्यायाम सोडतात, वजनं वाढवतात, मग गुडघे बोलणारच. लोक हसले. माझी बहीणही हसली. माझी कानशिलं तापली. एवढ्यावर थांबले असते तर त्या दिवशी तेच जिंकले असते. पण त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "आता मला बघा. सत्तरी जवळ आली." आणि फेट्यासकट खुर्चीवरून उठून ते सतरंजीवर बसले. झकास मांडी घातली. मग हात न टेकता उठले आणि पुन्हा बसून दाखवलं. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. एवढ्या बायकांना लांबून लांबून बोलावलं, आणि त्या माणसाचे गुडघे पोराचे असावेत तसे!

टाळ्या थांबल्या तेव्हा पुढच्या ओळीतून माझी भाची उभी राहिली. ती खोडसाळ नाही. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, कारण दुसऱ्या दिवसापासून तिला त्याच पायऱ्या चढायच्या होत्या.

"सर, तुमी बी पोरास्नी खांद्यावर घिऊन पायऱ्या चढायचासा काय?"

सरांच्या हातात माईक अजून चालू होता. खोटं बोलले असते तर खपलं असतं. पण त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. ते हसून, लाडानं म्हणाले, "मी कशाला चढू, बाळ? मी खाली उभा असायचो."

यावर कुणी हसलं नाही. आया आमच्याकडं बघायला लागल्या, मग सतरंजीवर बसलेल्या सरांकडं. माझी बहीण खुर्च्यांमधून वाट काढत पुढं आली. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरीचं मनगट धरलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सर, हिचं नाव काडा."

तिच्या मागून आणखी एक आई उठली.