हौद्याखालचा दिवा

लकडगंजात आमचं पत्रेकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, चार बांबूंवर टिनाचं छप्पर. लढाईनंतर लिलावात निघालेल्या लष्करी पिकअप आमच्याकडे यायच्या, तळ गंजून चाळण झालेल्या. आमचे हे सडका पत्रा कापून नवा जोडायचे. मी मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायची आणि ते पुढून हातोडा मारायचे. बायकोला कामावर घेतलं म्हणून लोक हसायचे. हसोत मेले!

त्या हिवाळ्यात यांचे ठोके चुकू लागले. दोनदा हातोडा माझ्या मनगटाजवळ आला. मी ओरडले, तर म्हणतात कसे, "तूच हलवून राहिली ना!" यांच्या हातून चहाही बशीबाहेर सांडायला लागला होता. यांचे डोळे गेले तर? आणि बाजारात कळलं तर आम्हाला गाडी कोण देणार? सारखी तीच धास्ती. विचारायची मात्र छाती झाली नाही. अशी मी भित्री!

त्यातच काटोलचा एक बागायतदार पिकअप ठेवून गेला. मागच्या उघड्या हौद्याचा अर्धा तळ गंजानं खाल्ला होता, आणि संत्री तोडणाऱ्या बायका त्याच हौद्यात बसून बागेत जायच्या. यांनी तीन दिवसांत नवा पत्रा जोडला. चौथ्या दिवशी सकाळीच तो हजर. सोबत चार बायका, डबे बांधून आलेल्या.

गाडी देण्याआधी आमची एक रीत असे. हौद्यावर जाड ताडपत्री टाकून हे आत अंधारात बसत. मी गाडीखाली सरपटत जाऊन पेटता बल्ब जोडावरून फिरवी. जिथून उजेड आत येईल तिथं जोड धरला नाही असं समजायचं. त्या सकाळीही मी खालून विचारू लागले.

"दिसतं का?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

"कोपऱ्यात?"

"नाही वं."

माझा जीव भांड्यात पडला. उगाच महिनाभर जीव जाळला, म्हणून स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

बल्ब खालीच ठेवून मी वर चढले, ताडपत्रीत डोकं घातलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, अख्ख्या जोडातून उजेडाची रेघ येत होती. आत शिरून टाचेनं दाबलं तर पत्रा खाली लवला.

"अवो, थट्टा करून राहिले का माही?" मी कडाडले.

हे त्या रेघेला लागूनच बसले होते. म्हणाले, "लावला होता का दिवा? मले वाटलं, तू अजून लावलाच नाही."

बाहेरून बागायतदाराची हाक आली, "वहिनी, काहून वेळ लावून राहिले? बसवू का बायायले?"

यांनी माझा हात घट्ट धरला. हळूच म्हणाले, "नेऊ दे वं. काटोल काही लांब नाही."

मला रडू फुटलं. त्यांचा रागही आला, कीवही आली. मी हात सोडवून घेतला, ताडपत्री बाजूला सारली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "नका बसवू. माह्या नवऱ्याले दिसत नाही."