सरासरी ताप

संस्थेत त्यांना शुक्राचार्य म्हणत. उभी हयात शुक्रावरच्या हवेचं गणित मांडण्यात गेली, म्हणून. सूर्याची ऊब आत शिरते, दाट हवा ती सहजी बाहेर सोडत नाही, तर खालची जमीन किती तापेल? प्रश्न एवढाच, पण त्यापायी केस पांढरे झाले. त्या गणितात दिवस नाही आणि रात्रही नाही. ऊन सरासरी काढून सगळ्या गोळ्यावर सारखं पसरायचं नि पुढे जायचं. शुक्रावर ते खपतं. तिथली रात्रही दिवसाइतकीच भाजते.

बायको म्हणायची, "तुमच्या शुक्रावर संध्याकाळच होत नाही, मग घरी यायचं कसं सुचणार?" ते हसून चपला काढत, पण डोकं तिथेच राही.

ती आजारी पडली तेव्हा मात्र त्यांनी रजा टाकली. चमच्याने दूध पाजलं, पाय चेपले, सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावला. सकाळी अंग गार, संध्याकाळी फणफणलेलं. डॉक्टर मुलीच्या वर्गातला, घरचाच. फोनवर विचारी, "काका, ताप किती?"

"सरासरी शंभर."

"मग हलकाच आहे. गोळ्या चालू ठेवा."

पलंगावरून ती म्हणाली, "अहो, संध्याकाळी माझी नुसती भट्टी होते, ते सांगा की त्याला."

"त्यातच आलं ते," म्हणत त्यांनी तिच्या कपाळावरची पट्टी बदलली. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

तिची शुद्ध हरपली तेव्हा दवाखान्यात नेलं. तोवर जंतू रक्तात पसरले होते.

"संध्याकाळी किती चढायचा?" डॉक्टरने विचारलं.

"एकशेतीन. कधी त्याच्याही वर."

"आणि मला शंभर सांगत होतात?"

"सकाळी सत्त्याण्णव असायचा ना."

डॉक्टरने हातातला केसपेपर मिटला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "माणूस सरासरीने तापत नाही, काका." तो आत निघून गेला.

ती घरी परत आली नाही.

आता परगावाहून मुलीचा रोज फोन येतो. परवा तिने विचारलं, "बाबा, झोप लागते का?"

"लागते बऱ्यापैकी," ते सवयीने म्हणाले, आणि थबकले. फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुपारी लागते," ते म्हणाले. "रात्री नाही. रात्री अजिबात लागत नाही, बाळा."