मीठ कमी करू नका

तो तपास विसरीन म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण त्याची सुरुवात आमच्याच घरच्या डब्यापासून झाली.

पोलिसांतून बाहेर पडलेल्या माणसाच्या आठवणी म्हटल्या की पिकल्या मिशा आणि आरामखुर्ची डोळ्यांसमोर येते. माझ्याकडे दोन्ही नाही. इथे सिंगापुरात मी सात वर्षं तपास अधिकारी होते, तेहतिसाव्या वर्षी राजीनामा दिला आणि आता रुग्णांची माहिती गुप्त राहावी म्हणून पत्रकं वाटत फिरते. तेव्हा भाषा थोडी तिखट लागेल. लागू दे.

सकाळची वेळ होती. पोलीस ठाण्याच्या काउंटरवर नेहमीचंच चाललं होतं. कुणाचं पाकीट हरवलेलं, कुणाच्या छतातून वरच्या फ्लॅटचं पाणी गळतंय, कुणाचा शेजारी रोज कराओके गातो. तेवढ्यात जवळच्या बेडोक भागात राहणारी एक मराठी बाई आली. चाळिशीच्या आतली, आयटीतली, मूळची पुण्याची. तिने पिशवीतून तीन स्टीलचे डबे काढून काउंटरवर मांडले.

"हे पुरावा म्हणून ठेवून घ्या."

"कशाचा?"

"मी आठ दिवस हॉस्पिटलात होते. ऑफिसात, मैत्रिणींना, सगळ्यांना सांगितलं होतं की पुण्याला जातेय. घरी आले तर दाराच्या कडीला रोज एक डबा. सोबत चिठ्ठी, 'लवकर बरी हो.' ह्यांना कळलं कसं?"

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरतात. मधल्या डब्यावर माझ्या आईचं नाव होतं, आडनावासकट. तेच आडनाव माझ्या छातीवरच्या पट्टीवर होतं. बाईने आधी डबा वाचला, मग पट्टी.

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हालाही माहीतच आहे."

मला माहीत होतं. हेच सांगायला मी हे लिहितेय. आदल्या आठवड्यात जेवताना आई म्हणाली होती, "बिचारी गं! तिला म्हणे..." आणि पुढे आजाराचं नाव. मी "हो का?" म्हटलं होतं आणि त्या डब्यासाठी केलेली, उरलेली दुधीची भाजी पोळीशी खाल्ली होती. सात वर्षं लोकांना उलटसुलट प्रश्न विचारायचा पगार घेणारी मी, आईला एक साधा प्रश्न विचारला नाही.

आजार कोणता, ते मी लिहिणार नाही. तुम्हाला जाणून घ्यावंसं वाटलं ना? वाटलंच. आख्खा गुन्हा त्या वाटण्यात आहे. हा मजकूरही तिला विचारून, चार तपशील बदलून लिहिलाय.

जाताना ती म्हणाली, "मी आता त्या हॉस्पिटलात पाऊल टाकणार नाही. कुठल्याच नाही. गोळ्या पंधरा दिवस पुरतील."

"आणि मग?"

"मग बघू."

म्हणजे आमच्याकडे पंधरा दिवस होते.

मी तडक वरिष्ठांकडे गेले. ते चिनी गृहस्थ, नोकरीची तीस वर्षं झालेले. आईचं नाव डब्यावर आहे, हे आधी सांगून टाकलं.

"तुझ्या आईचा जबाब मी घेईन," ते म्हणाले. "तू त्या खोलीच्या आसपाससुद्धा दिसायचं नाही. बाकीच्या जबाबांना मी शेजारी बसणार. पण केस सोडू नकोस. हे मराठी मेसेज मला कोण वाचून दाखवणार, लाह?" हा 'लाह' इथे वाक्याच्या शेवटी लागतोच.

मेसेज म्हणजे डब्यांची यादी. आपल्या लोकांची ही जुनी पद्धत. कुणी आजारी पडलं, बाळंत झालं की ग्रुपवर यादी फिरते, सोमवार अमकी, मंगळवार तमकी. परक्या देशात ह्या यादीने अनेकांना तारलंय, मला मान्य आहे. ह्या यादीच्या खाली पथ्य लिहिलं होतं: 'तेलकट नको. पाणी भरपूर प्यायला सांगा. मीठ कमी करू नका, नेहमीइतकंच ठेवा.' मी ते वाचलं आणि पुढे गेले. चूक केली.

हॉस्पिटलने संगणकाची नोंद दिली. दाखल होऊन तीन दिवस झाल्यावर, दुपारी, वॉर्डच्या काउंटरवरून तिची फाइल उघडली गेली होती आणि ती एका फिलिपिनो नर्सच्या नावाने. व्यवस्थापनातल्या साहेबांनी लगेच हात झटकले. "आम्ही तिला निलंबित करतोय. आमच्याकडून विषय संपला."

नर्स चौकशीच्या खोलीत आली तीच रडत. "मॅडम, माझा इथे काम करायचा पास जाईल. घरी मुलगा आहे. मी त्या वेळी जेवायला गेले होते."

"मग तुमच्या नावाने कोण बसलं होतं?"

"कुणीही! सकाळी एकजण लॉगिन करते, मग दिवसभर सगळे त्याच्यावरच. दर वेळी पासवर्ड टाकत बसलं तर कामं उरकणारच नाहीत. सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांनासुद्धा."

कँटीनच्या कॅमेऱ्यात ती त्या वेळी भात खाताना स्पष्ट दिसली. वॉर्डच्या काउंटरकडे मात्र कॅमेरा नव्हता. उघडं कपाट ठेवायचं आणि चोरी झाली की सगळ्यात गरीब बाईकडे बोट दाखवायचं! मी साहेबांना फोनवर हेच ऐकवलं, जरा सभ्य शब्दांत. माझ्या वरिष्ठांनी नंतर ते आणखी सभ्य करून घेतलं.

आता उलट्या दिशेने जायचं होतं. यादी कुणी कुणाला पाठवली? फोन तपासले, एकेकीचे जबाब घेतले. प्रत्येकीचं पहिलं वाक्य एकच, "अहो, आम्ही चांगल्यासाठीच केलं!" माझ्या आईचंही तेच, हे मला जबाबाच्या कागदावरून कळलं. ते दिवस घरी आम्ही दोघी भाजी आणि हवामान ह्यांवरच बोलत होतो.

माग एका काकूंपाशी थांबला. पन्नाशीच्या, हसऱ्या, कुणाच्याही मदतीला धावणाऱ्या. नोकरी त्याच हॉस्पिटलात, रुग्णनोंदणीच्या खिडकीवर. तिथून वॉर्डमधल्या रुग्णाची फाइल उघडायचा त्यांना अधिकार नव्हता. पण कागद पोचवायला वॉर्डमध्ये जाणं-येणं होतं.

"अगं, तू आमच्या अमकीची मुलगी ना?" खोलीत शिरताच त्या म्हणाल्या. "केवढी मोठी झालीस! बाळ, हे काय चाललंय?"

"काकू, इथे मी बाळ नाही. तिच्या आजाराचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीतरी म्हणालं. आता कसं आठवणार? आपल्या लोकांत काही लपतं का?"

तासभर तेच. कुणीतरी म्हणालं, कानावर आलं, आठवत नाही. मी खुनाच्या आरोपींना बोलतं होताना पाहिलंय, पण ह्या हसऱ्या बाईपुढे माझं डोकं चालेना. वरिष्ठांनी चहा मागवला. काकूंनी एक घोट घेतला आणि सवयीने मला म्हणाल्या, "तू नीट जेवत नाहीस वाटतं." आणि मला यादीची शेवटची ओळ आठवली.

"काकू, आजारी माणसाचं जेवण करताना तुम्ही मीठ वाढवता की कमी करता?"

"कमीच. कुणीही कमीच करेल."

"मग यादीत 'मीठ कमी करू नका' असं का लिहिलंत?"

हसू तसंच राहिलं, पण त्याच्यामागे कुणी नव्हतं.

काही औषधं चालू असताना मीठ अचानक कमी केलं तर धोका असतो. हे आपल्या स्वयंपाकघरात कुणाला सुचत नाही, उलटंच सुचतं. ते फक्त एका ठिकाणी लिहिलेलं होतं, तिच्या फाइलमध्ये, औषधाच्या सूचनेत. मी तो कागद समोर ठेवला. पाणी, मीठ, क्रमसुद्धा तोच.

"ती पलंगावर झोपलेली दिसली," काकू हळूच म्हणाल्या. "एकटी. आपली मुलगी. मला राहवेना. संगणक उघडाच होता गं. मी वाईट काय केलं? तिच्या तब्येतीला जपूनच लिहिलं ना?"

"तिला विचारलंत?"

"झोपली होती."

"उठल्यावर?"

काकूंनी कप खाली ठेवला. अनधिकृतपणे संगणक वापरल्याचा गुन्हा नोंदवला गेला. यथावकाश शिक्षा झाली. नर्स कामावर परतली. तिची कुणी माफी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पासवर्डची ढिलाई वर्षानुवर्षं चालू देणाऱ्या साहेबांना काय झालं? काही नाही.

पण काकू कबूल होईपर्यंतच तीन आठवडे उलटले होते, आणि गोळ्या पंधराच दिवसांच्या होत्या. आरोपी सापडल्याचं सांगायला मी फोन केला, तेव्हा ती म्हणाली, "एकीचं नाव कळलं. बाकीच्यांनी ऐकलेलं तुम्ही पुसून देणार आहात का?" पुढच्या आठवड्यात ती ऑफिसात कोसळली. बहीण पुण्याहून आली, तिने हाताला धरून दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. थोडक्यात वाचली. आज ती बरी आहे, कामावर आहे. खिडकीवर प्रत्येक वेळी विचारते, "माझी फाइल कोण कोण बघू शकतं?" खिडकीवरच्या मुली वैतागतात. वैतागू देत.

ह्या केसने मला शिकवलं ते एवढंच. तुमच्या आजाराची माहिती चोरायला काळा चष्मा घातलेला माणूस लागत नाही. उघडा संगणक आणि एक मायाळू बाई पुरते. आणि ती चोरी पचते, कारण तुमच्या-माझ्यासारखे लोक जेवताना "हो का?" म्हणतात. "तुला कसं कळलं?" असं विचारत नाहीत. 'चांगल्यासाठी केलं' हे उत्तर मला देऊ नका. त्या चांगुलपणाने एका बाईची औषधं बंद पाडली.

केस संपल्यावर जप्त केलेले डबे मालकांना परत द्यायचे होते. आईचा डबा मीच सही करून घरी आणला. आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आईने ओट्याशी उभं राहून झाकण काढलं.

"रिकामाच?"

"रिकामाच."

तिने डबा उजेडाकडे धरून पाहिला. "म्हणजे राग गेलेला नाही तिचा."

"का जावा?" मी म्हटलं.

आईने डबा घासला. स्वच्छच होता, तरी घासला.