आमचेच बूट, त्यांचं दान

माझ्या पोरीच्या पायातले बूट स्टेजवर काढले. भरल्या सभागृहात.

साधे बूट नव्हते ते. बुटाला दोन्ही अंगानं लोखंडी पट्ट्या, पार मांडीपर्यंत. गुडघ्यावर चामड्याचा पट्टा. कॅलिपर म्हणतात त्याला. ते घातले की माझी रूपाली उभी राहायची. काढले की खाली. चार वर्षांची होती.

"ही मुलगी आज कशी आहे ते आधी बघा," शाळेच्या मॅडम माईकवर म्हणाल्या. आणि रूपालीला बोटानं खूण केली. रांग.

रांगली ती. इस्त्रीच्या फ्रॉकवर. एक कोपर पुढं, मग दुसरं, मागनं पाय ओढत. पुढच्या खुर्चीतली एक बाई रुमाल डोळ्याला लावत होती.

मग पाहुणे उठले. बडे कारखानदार. त्यांच्या हातात तबक दिलं. तबकात तेच कॅलिपर, आत्ताच काढलेले, वर झेंडूची फुलं. साहेबांनी वाकून ते रूपालीच्या पायात चढवले. उजवा डाव्यात, डावा उजव्यात. फोटोवाला म्हणाला, साहेब, जरा इकडं बघून. साहेब पुन्हा वाकले.

रूपालीला उभं केलं ते माईकजवळच. नुकती बोलायला लागलेली. जीभ जड, पण कळायचं. ती म्हणाली, "ह्ये माजं हाय. जुनं हाय."

सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

लोक हसले. कौतुकानं हसले. लेकरू काहीतरी बोबडं बोललं म्हणून. मग टाळ्या. आम्हा आयांना भिंतीकडेला उभं केलं होतं. आम्हीही टाळ्या वाजवायच्या असं सकाळीच सांगितलं होतं. माझे हात उठले नाहीत. शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसलं. तरी उठले नाहीत.

आम्ही कोल्हापूरचे. चपला करणारे. मालक, रूपालीचे वडील, चामडं कापायचे, मी चपलांवरच्या चामडी वेण्या घालायचे. रूपाली जन्मली ती रडलीच नाही. मेंदूला हवा कमी पडली, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं पुढं कधीतरी सांगितलं. दोन वर्षांची झाली तरी मान धरत नव्हती. सासूनं जोतिबाला नवस बोलला. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोटुशी असताना गिराण पाळलं नसशील. मी ग्रहण पाळलं होतं. कुणाकुणाला सांगत बसू?

दवाखान्यातल्याच एका नर्सनं त्या शाळेचं नाव सांगितलं. अपंग लेकरांची बालवाडी. ट्रस्टची. चालवणाऱ्या मॅडम मोठ्या घरच्या, ताराबाई पार्कात बंगला. रोज शिकवणाऱ्या बाई वेगळ्या. त्या तरुण होत्या, पगारी होत्या.

त्या बाईंनी माझ्या पोरीला माणसात आणलं. परातीत मसूर ओतायच्या आणि त्यात तिचे दोन्ही हात घालायच्या. आधी मुठी उघडायच्या नाहीत. मग एक बोट सुटलं. मग एकेक दाणा उचलायला लागली. पाणी म्हटलं की पाणी द्यायच्या, नुसतं बोट दाखवलं तर द्यायच्या नाहीत. मला वाटायचं, किती कठोर ही बाई. पण पोरगी एक दिवस "पानी" म्हणाली. घरी येऊन मी तिला नको नको म्हणेस्तोवर पाणी पाजलं.

बाई सांगायच्या, सहा वर्षांच्या आत जे घालाल ते मुरेल. नंतर अवघड. मला ते लगेच पटलं. ओलं चामडं वळवाल तसं वळतं. वाळलं की मोडतं.

कॅलिपर दवाखान्यातनं मिळाले. तिथल्या बाकावर किती सकाळी काढल्या ते माझं मला माहीत. पट्टे कडक होते, मांडीला वळ उठायचे. मी तेल लावून लावून ते मऊ केले. ते घालून पोरगी घरात पहिल्यांदा उभी राहिली आणि कोनाड्यातल्या आरशात तिला स्वतःचं तोंड दिसलं. जन्मल्यापासून घरात होता तो आरसा. तिच्या डोळ्यांच्या उंचीला कधी आलाच नव्हता. खूप वेळ बघत राहिली. मालक कामावरनं आले, त्यांनी बघितलं, आणि बाहेर जाऊन उंबऱ्यावर बसले. रडत असावेत. मी विचारलं नाही.

आणि ते बूट आता साहेबांचं दान झाले.

कार्यक्रम संपला तसं मला ऑफिसात बोलावलं. मॅडम मला अगंतुगं करायच्या. त्यांच्यापेक्षा मी फार लहान नव्हते.

"मुलीला काय पढवून आणलं होतंस?"

"मी कशाला पढवतो मॅडम? तिचं हाय, म्हणून ती तिचं म्हणाली."

"'पढवतो' काय? बाई आहेस ना? पढवते म्हण. आईच असं बोलते, मग मुलीची जीभ कशी सुधारणार?"

आमच्याकडं बायका येतो-जातो असंच बोलतात. माझी आई तसंच बोलायची. माझ्या पोरीची जीभ जन्मापासून जड, आणि त्याचं पाप मॅडमनी माझ्या बोलीवर टाकलं. मी खाली मान घालून ऐकलं. पोरगी शाळेत ठेवायची होती.

"आणि बूट आता शाळेतच राहतील," त्या म्हणाल्या. "साहेबांच्या नावानं दिलेत. घरी नेलेस आणि हरवलेस तर? उद्या दुसरे पाहुणे आले तर काय दाखवायचं?"

बूट कपाटात गेले. शाळेत उभी, घरात आडवी. आरसा पुन्हा उंच गेला. मी बाईंना विचारलं, असं चालतंय का. त्या हळूच म्हणाल्या, "घरीपण घालायला हवेत हो, नाहीतर गुडघे आखडतील." मग मॅडमच्या खोलीच्या दाराकडं बघितलं आणि कपाट लावून घेतलं. त्यांनाही नोकरी होती.

पाहुणे येत राहिले. कधी क्लबातले, कधी पुण्याचे, कधी कुणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध म्हणून खाऊ घेऊन आलेले. प्रत्येकाला रूपाली रांगून दाखवायची. मग बूट. मग फोटो. मॅडम म्हणायच्या, "आपली रूपाली फार छान रांगते."

दिवाळीच्या आधी असेच कुणी यायचे होते. बाई पोरीचे बूट सोडायला बसल्या आणि मी त्यांचा हात धरला. मॅडम दारातच होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, आज नको. ती उभी राहून नमस्कार करंल. तेबी बघू दे की पावण्यांना."

"उभी राहिलेली मुलगी बघून देणगी कोण देतं?"

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. सरळ हिशोब सांगावा तसं बोलल्या. म्हणून जास्त लागलं.

"मग न्हाय."

"काय नाही?"

"माजी पोरगी रांगणार न्हाय."

"मग उद्यापासून आणू नकोस. समाज एवढं करतो तुमच्यासाठी, आणि तुम्हा लोकांना किंमत नाही."

तुम्हा लोकांना. आम्ही कुठले लोक ते त्यांना बरोबर माहीत होतं.

बूट कपाटात राहिले. पोरीला कडेवर घेऊन घरी आले.

मालक म्हणाले, "गप बसाय काय झालतं? जरा रांगली असती तर झिजली असती व्हय?" वाईट माणूस नव्हे ते. पोरीला पाठुंगळी घेऊन त्यांनी जोतिबाचा डोंगर चढलाय. पण त्यांनाही कळत होतं की दुसरी शाळा नाही. सगळ्या कोल्हापुरात आम्हाला ठाऊक असलेलं दार एकच, आणि ते मी बंद करून आले होते.

पुढचे महिने सांगवत नाहीत.

रोज सकाळी रूपाली दाराकडं हात करायची. "शाळा." मी म्हणायचे, सुट्टी हाय. सुट्टी संपेना. गल्लीतल्या अंगणवाडीत नेलं. सेविका म्हणाली, "अशा पोरांचं आमाला ट्रेनिंग न्हाई. पडलं-बिडलं तर जबाबदारी कुणाची?" एका खाजगी बालवाडीत गेले. तिथल्या बाईनं पोरीकडं बघितलंही नाही. बाकीचे पालक तक्रार करतील म्हणाली. दवाखान्यात गेले. तिथं विचारलं, "एकदा दिलेत ना कॅलिपर? ते कुठायत?" मी सांगितलं तर खोटं वाटलं त्यांना. नंबर लागेपर्यंत थांबा म्हणाले.

थांबा. पोरीचं वय थांबत नव्हतं.

मी तेल लावायचे, गुडघे दाबून सरळ करायचे. ती किंचाळायची. शेजारीण भिंतीवर थाप मारायची. रोज गुडघा थोडा जास्त वाकलेला. मग शब्द जायला लागले. बाईंनी एकेक करून आणलेले शब्द. चिमणी गेली. लाल गेला. दे गेला. पुन्हा नुसतं बोट दाखवायला लागली. मी घरी पाणी धरून बसायचे, म्हण म्हणायचे. तिला तहान सहन व्हायची नाही, मला तिचं रडणं. देऊन टाकायचे.

एकदा तिला घेऊन कळंब्याच्या तळ्यावर गेले. बांधावर बसले, पाण्याकडं तोंड करून. मनात काय होतं ते लिहीत नाही. रूपालीला भूक लागली. तिनं माझा पदर ओढला. उठले.

शेवटी मालकांनी हात जोडले. "जा, माफी माग. बूट तरी घिऊन ये."

गेले. ताराबाई पार्कात. पोरगी कडेवर. फाटकावरच्या माणसानं आत सोडलं. पोर्चमध्ये गार फरशी, कुंड्या. मॅडम बाहेर आल्या. चांगल्या बोलल्या त्या दिवशी. बस म्हणाल्या.

मी म्हटलं, "चुकलं मॅडम. तेवढं बूट द्या."

"शुक्रवारी मुंबईचे पाहुणे आहेत," त्या म्हणाल्या. "मुलीला घेऊन ये. कार्यक्रम झाला की बूट घरी ने. मी काय वाईट आहे का?"

मी हो म्हणणार होते. तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात रूपाली कडेवरनं घसरली. मला वाटलं, पडली. पडली नव्हती. उतरली होती. मॅडमकडं बघितलं, हसली, आणि त्या गार फरशीवर रांगायला लागली. कुणी खूण केली नव्हती. कोपर, कोपर, मागनं पाय. मॅडमच्या चपलांपर्यंत गेली आणि मान वर करून थांबली. शाबासकीची वाट बघत.

मसूर विसरली होती. चिमणी विसरली होती. एवढं तिच्या ध्यानात राहिलं होतं. मोठी माणसं दिसली की खाली पडायचं.

मॅडम हसून म्हणाल्या, "बघ, तिला आवडतं."

माझ्या अंगातनं काहीतरी निघून गेलं. भीती असावी. मी वाकले, पोरीला उचललं, तिचे गुडघे पदरानं पुसले.

"बूट ठेवा तुमच्याजवळ," मी म्हटलं. "माजी पोरगी पायानं चालंल, न्हाय तर माज्या पाठीवरनं जाईल. तुमच्या म्होरं रांगणार न्हाय."

फाटकातनं बाहेर पडले. काय करून बसले ते मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या अंगणवाडीच्या पायरीवर जाऊन बसले. पोरगी मांडीवर. सेविका म्हणाली, "सांगितलं की तुमाला." मी म्हटलं, सांगितलंसा. बसतो मी. तिनं दार लावलं. आतनं बडबडगीतं ऐकू यायची. रूपाली दाराला कान लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चामड्याचं काम पायरीवरच नेलं. वेण्या घालत बसायचे. आतली पोरं आधी खिडकीतनं बघायची, मग उसळीच्या ताटल्या घेऊन बाहेर यायला लागली, रूपालीच्या शेजारी बसून खायला. आत कुणी बसेना. सेविका वैतागली आणि एक दिवस म्हणाली, "घ्या आत." मायेनं म्हणाली नाही. तरी आत घेतलं.

गोष्ट इथं गोड होत नाही. नवे कॅलिपर आले तेव्हा गुडघे सरळ होईनात. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. ऑपरेशन केलं, निम्मं साधलं. रूपाली आता मोठी झालीय. घरात भिंत धरून चालते. महापालिकेच्या शाळेत वरच्या मजल्यावरच्या वर्गात मीच तिला पाठीवरनं नेते. वाचते, हळू वाचते. ती ट्रस्टची शाळा चालूच आहे. मॅडमना कसला तरी पुरस्कार मिळाला.

मालक कधीकधी म्हणतात, त्या दिवशी गप बसली असतीस तर पोरगी चालली असती. असेल. मी भांडत नाही. खोटं आहे असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण एका लेकराला चालायला शिकायचं तर आधी लोटांगण घालावं लागतं, हा कायदा मी केला नव्हता.

परवा आमच्या मागच्या गल्लीत एक पोर बघितलं. अडीच वर्षांचं. ऐकू येत नाही. आई कामाला जाते, म्हणून खाटेच्या पायाला साडीनं बांधून ठेवते. मला बघून ती लाजली. मी म्हटलं, सोड त्याला. माझ्याबरोबर चल.

अंगणवाडीत आता नवी सेविका आहे. ती शिकलेली आहे. म्हणाली, "वरनं विचारून सांगते मावशी. मग बघू."

"बघू म्हणून माज्या पोरीचं वय गेलं," मी म्हटलं. "आज घ्या. वर मी येतो विचारायला, तुमच्यासंगं."

मी पोराला आत नेलं आणि बाकीच्या पोरांच्या मधोमध बसवलं. त्याच्या आईलाही बसवलं. दारात मी बसले.

उद्या त्याला बाहेर काढलं तर उद्या पुन्हा नेणार. वरच्या ऑफिसात जाणार, तिथं थांबा म्हणाले तर तिथं बसणार. कुणाचं तबक नको, फुलं नकोत, फोटो नको. आमच्या लेकरांना आत जागा पाहिजे आणि शिकवायला माणूस पाहिजे, वय आहे तोवर. देत नसाल तर दार अडवून बसेन. तुम्हाला आत जायचं असेल तर मला ओलांडून जा.