फुलबॅक रेग आजोबा आणि बी विंग

लॉकडाऊनमध्ये किस्से फार साठतात. बाहेर काही घडतच नाही, त्यामुळे आत घडलेली एवढीशी गोष्टही चहाच्या ब्रेकला लांबून ओरडून सांगितली जाते! ऑस्ट्रेलियातल्या टार्निटमधल्या आमच्या वृद्धाश्रमात मी आणि सांगलीची स्नेहल केअरर होतो. आमचे निम्मे किस्से एकाच माणसाचे. रेग आजोबा, वय नव्वदीच्या घरात. पन्नासच्या दशकात आपण इंग्लंडमध्ये प्रोफेशनल फुटबॉलर होतो, तेही फुलबॅक, म्हणजे समोरच्याला अडवणारे, असं ते म्हणायचे.

'म्हणायचे' हे महत्त्वाचं. कारण विश्वास कुणाचाच नव्हता.

*

"मॅचला आम्ही प्रेक्षकांच्याच बसने जायचो," आजोबा सांगायचे. "हरलो की मात्र चालत घरी. बसमध्ये चढायची हिंमत कुणाची!"

मला खोटं सहन होत नाही. मी त्याच आरव्होला, म्हणजे दुपारी, मोबाइलवर त्यांचं नाव शोधलं. कुठेच नाही. तोंडावर विचारलं.

"मी रिझर्व्ह टीममध्ये होतो, मेट. आमची आठवण आमच्या आयांनाही नसायची!"

*

आमची मॅनेजर डेनिस म्हणाली, हे भ्रम आहेत. असे पेशंट बी विंगमध्ये हलवायचे. बी विंग म्हणजे कोडचं कुलूप, बंद खिडक्या. आत गेलेला माणूस बागेत परत दिसत नाही. गुरुवारी डॉक्टर येऊन ठरवणार होते.

मी भडकलो. "गोष्टी सांगतो म्हणून माणसाला कोंडायचं?"

स्नेहल शांतपणे म्हणाली, "आधी सांग, तुला तरी त्या खऱ्या वाटतात का?"

मी मास्क नीट करायला लागलो.

*

पुरावा हवा म्हणून त्यांच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावला. ती पर्थला, राज्यांच्या बॉर्डर बंद. "फुटबॉल? डॅड बेकरीत होते!"

झालं! मी आजोबांकडे पाहिलं.

"उन्हाळ्यात बेकरी, हिवाळ्यात फुटबॉल," ते म्हणाले. "बोटीवर चढताना बायकोने बजावलं होतं, ऑस्ट्रेलियात फक्त बेकरी!"

*

मग स्नेहलची डिटेक्टिव्हगिरी. आजोबा म्हणाले होते, चामड्याचा बॉल पावसात दगड व्हायचा आणि हेडर मारला की त्याच्या शिवणीवरच्या लेसचा शिक्का कपाळावर उठायचा. सकाळी ताप मोजायच्या निमित्ताने ती कपाळाशी एवढी वाकली, की फेस शील्ड त्यांच्या नाकाला टेकलं.

"ताप नाही," ती मला मराठीत म्हणाली. "शिक्काही नाही!"

आजोबांनी डोळे बारीक केले. "काय शोधतेयस ते सांग, मीपण शोधतो."

*

एकदा ते म्हणाले, क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळायची सोय नव्हती. करार संपला तरी!

"ही वेठबिगारी आहे!" मी ओरडलो. "तुम्ही सहन कसं केलंत?"

आजोबा जेली खात होते. "तुझा व्हिसा कुणाच्या हातात आहे रे?"

माझा स्पॉन्सर्ड व्हिसा याच आश्रमाकडून होता, इथली नोकरी सोडली की तोही गेला. मी जेलीचा बाउल उचलून निघालो.

*

गुरुवारी डॉक्टर आले. डेनिस, स्नेहल आणि मी, तिघंही गाऊन, मास्क, शील्डमध्ये. कोण कोण ते आम्हालाच कळेना.

डॉक्टरांनी विचारलं, "आज वार कोणता?"

"तुम्ही सगळं बंद केल्यापासून रोज रविवारच आहे."

डेनिसने मान हलवली.

"बरं, या तिघांना ओळखता?"

"चेहऱ्यावर फुलबॅकने कधी विश्वास ठेवायचा नसतो, पाय बघायचे," आजोबा म्हणाले. "चालून दाखवा."

आम्ही तिघं खोलीत गोल चाललो.

"ही स्नेहल, पाय न वाजवता येते. हा रागीट पोरगा, जमिनीशी भांडत चालतो. आणि ही मॅनेजर. निघायच्या आधीच बी विंगच्या दाराकडे झुकते. कडेने पळणारे असे विंगर मला फार भेटले!"

"ओळखलं तर ओळखलं," डेनिस म्हणाली. "याने काय सिद्ध होतं?"

डॉक्टर उठून उभे राहिले. "आणि मी? मी कुठे जाणार?"

आजोबा त्यांच्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिले. "तू अजून ठरवलेलं नाहीस, डॉक्टर."

डॉक्टरांनीही खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठरवलं. तुम्ही इथेच राहायचं."

"तोंडाने नको सांगू," आजोबा म्हणाले. "चालून दाखव!"